तारीख बदलली, गिऱ्हाईक काय म्हणतो?
मोटार शर्यतींचे वेळापत्रक आणि शौकिनांची मते

आठवडी बाजाराचा वार बदलला की काय होते, हे आपल्या व्यापारी बांधवांना समजावून सांगण्याची गरज नाही. मंगळवारचा बाजार गुरुवारी नेला तर जागा तीच राहते, माल तोच राहतो, भावही तोच राहतो. तरीही पहिले दोन-तीन महिने गिऱ्हाईक मंगळवारीच पिशवी घेऊन येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. त्यातले काही गुरुवारी पुन्हा येतात, काही दुसऱ्या बाजाराची वाट धरतात. बाजाराचा वार ही व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला दिलेली जबान असते.

ह्याच जबानीवरून जगातल्या एका फार मोठ्या कारोबारात गेली काही वर्षे तक्रार चालू आहे. हा कारोबार म्हणजे फॉर्म्युला वन मोटारींच्या शर्यती. आमच्या पेढीवरची तरुण मुले रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या ठोक्याला टीव्हीसमोर जाऊन बसतात. त्यांची हुज्जत कान देऊन ऐकली तेव्हा ध्यानात आले की, निम्मा वाद कोण जिंकला ह्याचा नसून शर्यत कुठे आणि केव्हा भरते ह्याचा आहे. त्यात आपल्या धंद्याला घेण्यासारखे बरेच आहे, म्हणून हा लेख.

हा धंदा चालतो कसा?

वर्षभरात निरनिराळ्या देशांत शर्यती होतात. प्रत्येक शर्यतीला ग्राँ प्री म्हणतात. प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात आणि वर्षअखेर ज्याचे गुण सर्वांत जास्त तो जगज्जेता. नियम आणि मंजुरी ह्यांचे काम एफआयए ही आंतरराष्ट्रीय संस्था पाहते. व्यापारी हक्क मात्र वेगळ्या कंपनीकडे आहेत. पूर्वी ह्या कारोबाराची सूत्रे बर्नी एक्लस्टन ह्या इंग्रज गृहस्थाच्या हातात होती. २०१७ साली लिबर्टी मीडिया ह्या अमेरिकी कंपनीने तो विकत घेतला.

उत्पन्नाचे मोठे स्रोत तीन. पहिला, शर्यत भरवणाऱ्या शहराकडून किंवा देशाकडून घेतलेली फी. दुसरा, टीव्हीचे हक्क. तिसरा, जाहिराती. शर्यत भरवणाऱ्या स्थानिक आयोजकाच्या वाट्याला मुख्यतः तिकिटांचे पैसे येतात. म्हणजे फी वाढली की तिकीट वाढते आणि त्याचा बोजा शेवटी शौकिनाच्या खिशावर पडतो. जिथे सरकार पाठीशी असते तिथे फी भरणे सोपे जाते. जिथे आयोजक स्वतःच्या हिमतीवर उभा असतो तिथे दर वर्षी हिशेब जुळवताना दमछाक होते. वेळापत्रकातले बहुतेक फेरबदल ह्या एका गोष्टीतून निघतात.

सातावरून चोवीस

१९५० साली जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा वर्षात सात शर्यती होत्या. पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे झाली. १९९० च्या दशकात वर्षाला १६ किंवा १७ शर्यती होत. २०१२ साली हा आकडा २० वर गेला, २०१६ साली २१ झाला आणि २०२४ व २०२५ ह्या दोन्ही वर्षी २४ शर्यती पार पडल्या. वर २०२१ पासून काही ठिकाणी शनिवारी छोटी शर्यतही होऊ लागली. पहिल्या वर्षी अशा तीन होत्या, २०२३ पासून सहा झाल्या.

ह्यावर शौकिनांत सरळ दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, आवडता माल जास्त मिळाला तर तक्रार कसली? पूर्वी दोन शर्यतींमध्ये दोन-दोन आठवडे वाट पाहावी लागे, आता जवळजवळ दर रविवारी काही ना काही आहे. टीव्हीची वर्गणी तर आपण वर्षभराचीच भरतो!

दुसरा तट जुन्या शौकिनांचा. त्यांचे म्हणणे असे की, रोज ईद असेल तर ईदची खुशी राहत नाही. २४ पैकी एक शर्यत हुकली तरी मनाला लागत नाही आणि ज्या दिवशी मनाला लागणे बंद होते, त्या दिवसापासून गिऱ्हाईक सुटायला लागतो. शिवाय ह्या तटाला मेकॅनिक, ट्रकचालक, स्वयंपाकी अशा कामगारांचीही फिकीर आहे. २०१८ साली फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि इंग्लंड अशा सलग तीन रविवारी तीन देशांत शर्यती झाल्या. २०२४ च्या अखेरीस लास वेगास, कतार आणि अबुधाबी सलग आले. अमेरिकेच्या पश्चिम टोकावरून थेट आखातात! घड्याळाचा इतका उलटफेर सोसून माणसाने एका आठवड्यात पुन्हा कामाला उभे राहायचे. कारखाना चालवणाऱ्याला हे समजते. मालकाला जादा पाळीचा नफा दिसतो, पण कारागिराच्या डोळ्यांतली झोप हिशेबाच्या वहीत चढत नाही.

जुनी गादी आणि नवे दुकान

सर्वांत कडवट मते जागांविषयी आहेत. ज्या जर्मनीने मायकल शूमाकर आणि सेबास्टियन फेटल असे जगज्जेते दिले, तिथे हॉकेनहाइमची शेवटची शर्यत २०१९ साली झाली. २०२० साली न्युरबर्गरिंगवर आणखी एक झाली, तीसुद्धा महामारीमुळे वेळापत्रक कोलमडले होते म्हणून. फ्रान्सची शर्यत २०१८ साली परत आली आणि २०२२ नंतर पुन्हा गेली. बेल्जियमचे स्पा हे सर्किट ड्रायव्हर आणि शौकीन दोघांच्याही जिव्हाळ्याचे. २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या करारानुसार त्याला २०३१ पर्यंत जागा मिळाली, पण २०२८ आणि २०३० ही वर्षे वगळून. इटलीतील इमोला २०२६ च्या वेळापत्रकात राहिले नाही, उलट त्याच वेळापत्रकात स्पेनचे माद्रिद हे नवे शहर आले.

दुसऱ्या बाजूला २०२१ साली सौदी अरबस्तानातील जेद्दा आणि कतार, २०२२ साली मायामी, २०२३ साली लास वेगास अशी नवी दुकाने उघडली. येथे युरोपातले जुने शौकीन म्हणतात की, आमच्या बापजाद्यांनी पावसात चिखल तुडवून हा खेळ मोठा केला आणि आता पैशाच्या थैलीवर जागा विकल्या जात आहेत. नव्या देशांतील शौकिनांचे म्हणणेही चुकीचे नाही. नाव जागतिक स्पर्धेचे आणि पूर्वी शर्यती निम्म्याहून जास्त युरोपात, हा कोणता न्याय होता, असे ते विचारतात. बहारीनमध्ये २००४ साली पहिली शर्यत झाली, तोपर्यंत आखातात एकही ग्राँ प्री झाली नव्हती. तिथला वीस वर्षांचा तरुण लहानपणापासून आपल्या गावची शर्यत पाहत आला आहे. त्याला उपरा कसे म्हणणार?

ह्या सगळ्यात हॉलंडचे झांडवूर्ट वेगळे ठरते. तिथली शर्यत १९८५ नंतर बंद पडली होती. मॅक्स व्हरस्टॅपनमुळे शौक पुन्हा पेटला आणि २०२१ साली ती परत आली. नारिंगी कपडे घातलेल्या गर्दीने सगळे स्टँड भरून जात. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये आयोजकांनी स्वतःच जाहीर केले की, २०२६ ची शर्यत शेवटची. कारण साधे आहे. त्यांना सरकारी मदत नव्हती, सारी जोखीम खाजगी होती. दुकान भरलेले असतानाच त्यांनी इज्जतीने शटर खाली ओढण्याचे ठरवले. शौकिनांना वाईट वाटले, परंतु फसवल्याची भावना आली नाही. दीड-दोन वर्षे आधी सांगितले, हे त्याचे मुख्य कारण.

महिना बदलला तर काय बिघडले?

काही बदल जागांचे नसून फक्त तारखांचे आहेत. जपानची सुझुका येथील शर्यत अनेक वर्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात होई. १९८९ आणि १९९० साली प्रोस्ट आणि सेना ह्यांचा अजिंक्यपदाचा झगडा ह्याच ट्रॅकवर मिटला. २०२४ साली ही शर्यत एप्रिलमध्ये आणली. उद्देश असा की, एका भागातील शर्यती जवळजवळ ठेवाव्यात, म्हणजे सामानाची जगभर उलटसुलट ने-आण कमी होईल आणि खर्च वाचेल. काही शौकिनांना एप्रिलमधली फुललेली झाडे आवडली. शिवाय शरद ऋतूत जपानला वादळांचा धोका असतो. २०१९ साली वादळामुळे शनिवारचा सारा कार्यक्रम रद्द करावा लागला होता. परंतु जुन्या शौकिनांची हळहळ निराळी आहे. वर्षअखेरचा निकाल जिथे लागायचा, ती जागा आता वर्षाच्या सुरुवातीला गेली.

मोनॅकोची गोष्ट तशीच. मोनॅकोची ग्राँ प्री आणि अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत ह्या दोन्ही मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी असत. दुपारी मोनॅको, संध्याकाळी इंडियानापोलिस, असा तो शौकिनांचा सणाचा दिवस. २०२६ च्या वेळापत्रकात मोनॅको जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवले आणि मेमधली ती जागा कॅनडाला दिली. त्यामुळे समुद्रापार एक फेरी वाचते, ही गोष्ट खरी. पण कॅनडा आणि इंडियानापोलिस दोन्ही एकाच खंडातले, म्हणून वेळा एकमेकांवर येण्याची भीती निर्माण झाली. २०२५ साली कॅनडाची शर्यत फ्रान्समधील ले मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीच्याच रविवारी आली होती. दोन्हींचा शौक असलेल्या माणसाने काय करावे? एका गल्लीत दोन सेल एकाच दिवशी लावले तर गिऱ्हाईक दुप्पट होत नाही, वाटला जातो.

आपल्याकडच्या शौकिनांची तक्रार घड्याळाची. युरोपातली बहुतेक शर्यत आपल्या संध्याकाळी साडेसहाला सुरू होते आणि सर्व घर एकत्र पाहू शकते. मेलबर्नची शर्यत आपल्या सकाळी होते. मायामी किंवा मेक्सिकोची मात्र रविवार उलटल्यावर रात्री दीडच्या सुमारास सुरू होते. सोमवारी दुकान उघडायचे असते. अमेरिकेत शर्यती वाढल्या तशी आपल्याकडच्या शौकिनांची झोप कमी झाली, असे मुले हसत सांगतात.

रमजान आणि वेळापत्रक

आता अशी गोष्ट, जिच्यात वेळापत्रक गिऱ्हाइकासाठी हलवले गेले. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दर वर्षी मागे सरकतो, हे आपण जाणतोच. २०२४ साली सौदीत रमजान ११ मार्चला सुरू झाला. जेद्दाची शर्यत रविवारी १० मार्चला ठेवली असती तर ती अगदी चाँदरातीला आली असती. म्हणून ती शनिवारी ९ मार्चला घेतली. दोन शर्यतींमध्ये पूर्ण आठवडा राहावा म्हणून आधीची बहारीनची शर्यतही शनिवारी २ मार्चला झाली. युरोपात काहींनी कुरकूर केली की, शर्यत म्हटली की रविवार. सौदी आणि बहारीनमधील शौकिनांना मात्र शुक्रवार-शनिवार ही साप्ताहिक सुटी असते, त्यांना शनिवार सोयीचाच होता.

२०२५ साली रमजान मार्चभर होता. म्हणून मोसमाची सुरुवात १६ मार्चला मेलबर्नला केली आणि बहारीन १३ एप्रिलला, जेद्दा २० एप्रिलला, म्हणजे ईदनंतर ठेवले. ऑस्ट्रेलियाच्या शौकिनांना कित्येक वर्षांनी मोसमाची पहिली शर्यत परत मिळाली आणि ते खूश झाले. एकाच्या अडचणीतून दुसऱ्याचा फायदा झाला, नुकसान कोणाचेच नाही.

पुढचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. रमजान मागे सरकत सरकत २०३२-३३ च्या सुमारास नोव्हेंबर-डिसेंबरात येईल. कतार आणि अबुधाबी येथे मोसमाचा शेवट होतो तो ह्याच दिवसांत. तेव्हा सुरुवात नव्हे, शेवट हलवावा लागेल. चांगला व्यापारी हे आजच वहीत टिपून ठेवील. ईदचा माल कोणत्या महिन्यात भरायचा, हा हिशेब आपण दरसाल करतोच.

जबान मोडली तर?

काही शर्यती ऐन वेळी रद्द झाल्या. त्यांवरची मते पाहिली तर एक गोष्ट ठळक दिसते. शौकीन नुकसान सोसतो, बेपर्वाई सोसत नाही.

मे २०२३ मध्ये इमोलाच्या परिसरात पुराने हाहाकार उडाला. शर्यत रविवारी होती, बुधवारी ती रद्द केली. लोकांची घरे पाण्यात असताना बचावाच्या माणसांना शर्यतीच्या बंदोबस्तात अडकवणे बरोबर नाही, हे सर्वांना पटले. फेरारी कंपनीने पूरग्रस्तांसाठी १० लाख युरो दिले. फारशी तक्रार झाली नाही.

उलट मार्च २०२० मध्ये मेलबर्नला महामारी दारात आली होती, एका संघाच्या माणसाला लागण झाल्याचे गुरुवारी रात्रीच कळले होते. तरी शुक्रवारी सकाळी शौकीन फाटकाबाहेर रांगेत उभे असताना शर्यत रद्द झाल्याचे सांगण्यात आले. रद्द करणे योग्यच होते, पण उशिराने केल्याचा राग लोकांनी बराच काळ धरला.

सर्वांत मोठा धडा लास वेगासचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्याच रात्री रस्त्यावरचे लोखंडी झाकण उखडून एका फेरारी मोटारीवर आदळले आणि सराव आठ मिनिटांत थांबला. दुरुस्ती होता होता रात्रीचे दीड वाजले. तेव्हा प्रेक्षकांना बाहेर काढले आणि अडीच वाजता रिकाम्या स्टँडसमोर सराव घेतला. फक्त त्या एका रात्रीचे तिकीट असलेल्यांना २०० डॉलरचे कूपन देऊ केले, तेही आयोजकांच्याच दुकानात वापरायचे. काही प्रेक्षक कोर्टात गेले. शर्यत स्वतः रंगतदार झाली, तरी ह्या रात्रीची आठवण पुसली गेली नाही. २०२५ साली तिथल्या शर्यतीची वेळ दोन तास अलीकडे आणली. उशिरा का होईना, गिऱ्हाइकाचे ऐकले.

आपल्या देशाची गेलेली तारीख

हिंदुस्थानातही ही शर्यत झाली होती. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर, ५.१२५ किलोमीटरच्या उत्तम ट्रॅकवर, २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला. २०१३ साली चौथे अजिंक्यपदही त्याने येथेच पक्के केले.

त्या तीन तारखा व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. ३० ऑक्टोबर २०११ म्हणजे दिवाळीनंतर अवघ्या चार दिवसांनी. २८ ऑक्टोबर २०१२ म्हणजे बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी. २७ ऑक्टोबर २०१३ म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी. ज्या दिवसांत दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते आणि घरखर्चाने सामान्य माणसाचा हात तंग असतो, त्याच दिवसांत एवढे महाग तिकीट विकायला काढले. पहिल्या वर्षी नवलाईने गर्दी झाली, पुढे ती ओसरली.

पुढे असे ठरले की, ही शर्यत ऑक्टोबरऐवजी वर्षाच्या सुरुवातीला घ्यावी. पण मग २०१३ चा ऑक्टोबर आणि २०१४ चा मार्च अशा दोन शर्यती सहा महिन्यांत येतात. म्हणून २०१४ साल वगळून २०१५ साली परत यायचे, असे सांगण्यात आले. ते २०१५ कधी उजाडलेच नाही. उत्तर प्रदेश सरकार ह्या शर्यतीला खेळ न मानता करमणूक समजून कर लावत होते. जकात आणि आयकराचेही वाद होते. आयकराचा एक वाद तर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कंपनीच्या विरोधात गेला. त्याच सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली. तिची २०२४ सालची तारीखही रद्द झाली.

ह्यातून कोणाचे गेले? नारायण कार्तिकेयन आणि करुण चंढोक ह्यांना पाहून शौक लागलेल्या पोरांचे गेले. टोप्या आणि टी-शर्टांचा माल भरणाऱ्याचे गेले, टॅक्सीवाल्याचे गेले, खानावळवाल्याचे गेले. एक वर्षाची सुटी म्हणून बंद केलेले दुकान पुन्हा उघडले नाही.

आपण काय घ्यावे?

व्यापारी बांधवांनो, ह्या शौकिनांची मते एकमेकांविरुद्ध आहेत. कोणाला शर्यती जास्त हव्या, कोणाला कमी. कोणाला स्पा हवे, कोणाला जेद्दा. सगळ्यांना खूश करणे कोणालाही जमणार नाही. परंतु तीन बाबतींत हे सर्व गिऱ्हाईक एका जबानीने बोलतात. तारीख बदलायची तर आधी सांगा. बदलताना आमचे सणवार आणि आमची झोप पाहा. आणि जबान मोडावी लागली तर आमच्या पदराला पडलेली खोट अर्धी तरी तुम्ही उचला.

गेल्या मोसमात आपण किती जणांना माल ठरल्या दिवशी दिला आणि किती जणांना आज-उद्या करत फिरवले, हे प्रत्येकाने आपली वही उघडून पाहावे. फिरवलेल्यांपैकी किती परत आले, तेही त्याच पानावर लिहावे.